साध्या लोकेशन ॲपची रचना सुधारताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲप छोटं आहे. उघडलं की नकाशा दिसतो, आपण कुठे आहोत ते कळतं आणि ते ठिकाण कोणाला तरी पाठवता येतं. एवढंच काम करणारं ॲप ज्यांनी स्वतः बनवलंय किंवा बनवायला घेतलंय, त्यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात. कोड चालत असतो, तरी वापरणारे म्हणतात, "चुकीचं दाखवतं", "उघडायला फार वेळ लावतं", "बॅटरी खातं". यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मला एकाच जागी सापडत आलंय: ॲपला जेवढं ठाऊक असतं, त्याहून जास्त ठाऊक असल्यासारखं ते वागतं. म्हणून खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

ॲप चालतंय, पण जुनाट दिसतंय. रंग आणि आयकॉन बदलण्यापासून सुरुवात करू का?

नको. रंग शेवटी बदला. आधी ॲप कोणाच्या तरी हातात द्या, शेजारी गप्प बसा आणि ती व्यक्ती काय करते ते बघा. लोकेशन ॲप उघडणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा तीन प्रश्न असतात. मी कुठे आहे? हे कितपत खरं आहे? आता मी काय करू? पहिल्याचं उत्तर ठिपका देतो, तिसऱ्याचं बटणं देतात. मधला प्रश्न मात्र अनेक ॲप्स वाऱ्यावर सोडतात, आणि लोकांचा विश्वास नेमका तिथेच उडतो. रचनेची सुधारणा तिथून सुरू करा.

निळा ठिपका आहे ना नकाशावर. मग त्याभोवती वर्तुळ कशाला?

कारण ठिपक्याचा आकार कायम सारखाच असतो. फोनला जागा ५ मीटरपर्यंत नेमकी माहीत असो की ८०० मीटरच्या आत कुठेतरी एवढीच माहीत असो, ठिपका तेवढाच ठाम दिसतो. बघणारा त्यावर तेवढाच विश्वास ठेवतो आणि फसतो.

फोन प्रत्येक लोकेशनसोबत अचूकतेचा एक आकडा देतो, तो मीटरमध्ये असतो. अँड्रॉइडवर त्याचा अर्थ नेमका सांगितलेला आहे: एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर तुम्ही खरोखर त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. हा आकडा नीट वाचा. म्हणजे साधारण तीनातल्या एका वेळी माणूस वर्तुळाच्या बाहेरच असू शकतो. वर्तुळ म्हणजे हद्द नव्हे, ती एक शक्यता आहे. म्हणून त्याची कड जाड रेषेने काढू नका. आत फिकट रंग भरा आणि कडेला तो विरघळू द्या.

मोकळ्या आकाशाखाली चांगला स्मार्टफोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. इमारतीत शिरलात, दाट झाडीत गेलात की तो आकडा वाढतो. उपग्रह दिसेनासे झाले की फोन वायफाय आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि नुसत्या टॉवरवरचा अंदाज शेकडो मीटर, कधी किलोमीटरभरही चुकू शकतो. हे सगळं फोनला कळत असतं. ते वापरणाऱ्यापर्यंत पोचवायचं काम रचनेचं.

मी स्वतः तीन टप्पे पाळतो. अचूकता साधारण ३० मीटरच्या आत असेल तर ठिपका आणि छोटं वर्तुळ. ३० ते २०० मीटर असेल तर मोठं वर्तुळ, फिकट ठिपका आणि खाली "सुमारे १५० मीटरच्या आत" अशी ओळ. त्यापलीकडे ठिपका काढूनच टाकतो, फक्त वर्तुळ राहतं आणि मजकूर येतो, "तुम्ही या परिसरात कुठेतरी आहात". हे आकडे शिलालेख नव्हेत, तुमच्या ॲपच्या कामाप्रमाणे बदला. नकाशाचा झूम मात्र असा ठेवा की पूर्ण वर्तुळ पडद्यावर मावेल. ८०० मीटरचं वर्तुळ असताना एखाद्या गल्लीपर्यंत झूम केलं, तर अख्खा पडदा निळसर होतो आणि माणसाला वाटतं ॲप बिघडलं.

अक्षांश-रेखांश दाखवताना दशांश चिन्हानंतर किती आकडे ठेवू?

पाच पुरेत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळजवळ १११ किलोमीटर. त्या हिशोबाने चौथा दशांश ११ मीटरचा, पाचवा १.१ मीटरचा आणि सहावा ११ सेंटिमीटरचा. फोनला जे ५ मीटरच्या आत धड कळत नाही, ते ११ सेंटिमीटरपर्यंत लिहून दाखवणं म्हणजे थाप आहे. अचूकतेचा आकडाही असाच पूर्णांकात आणा. "१७.४८ मीटर" लिहू नका, "सुमारे २० मीटर" लिहा.

ॲप उघडल्यावर लोकेशन यायला वेळ लागतो. तोवर काय दाखवू? गोल फिरणारं चक्र चालेल का?

आधी वेळ का लागतो ते बघू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जागा ठरवायला फोनला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात: तीन दिशांसाठी तीन, आणि फोनच्या घड्याळातली चूक काढण्यासाठी चौथा. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती पाठवतो आणि ती एकदा पूर्ण पाठवायला ३० सेकंद घेतो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उतरवून घ्यायचं तर साडेबारा मिनिटं. फोनला इंटरनेट असेल तर ही माहिती नेटवर्कवरून आयती मिळते, म्हणून एरवी काही सेकंदांत काम होतं. नेटवर्क नसताना, बराच काळ बंद असलेल्या फोनवर, पहिल्यांदा जागा शोधायला अर्धं मिनिट किंवा त्याहून जास्त लागणं स्वाभाविक आहे. तुमचा कोड त्याला जबाबदार नाही.

वापरणाऱ्याच्या संयमाबद्दल, ॲप आणि वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा अभ्यास करणारे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी सांगितलेल्या मर्यादा आजही उपयोगी पडतात. ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर माणूस दुसरीकडे वळतो. म्हणजे नुसतं चक्र फिरवत ठेवून निभणार नाही.

त्यापेक्षा जे हाताशी आहे ते लगेच दाखवा आणि ते काय आहे हे खरं सांगा. फोनकडे बहुधा शेवटचं माहीत असलेलं लोकेशन असतं. ते करड्या रंगात दाखवा, सोबत "४० मिनिटांपूर्वीचं ठिकाण" असं लिहा. मग टॉवर-वायफायचा ढोबळ अंदाज आला की मोठं वर्तुळ दाखवा. उपग्रहांवरून जागा पक्की झाली की वर्तुळ आकसू द्या. हे आकसणं हाच सगळ्यात चांगला प्रगतीदर्शक आहे. माणसाला डोळ्यांनी दिसतं की फोन शोधतोय आणि शोध पुढे सरकतोय.

करड्या रंगाचा मी इतका आग्रह धरतो, त्यामागे एक आठवण आहे. माझ्या पहिल्या ॲपमध्ये शेवटचं लोकेशन निळ्या ठिपक्यानेच झळकायचं. उघडताक्षणी जागा दिसते म्हणून मी खूश होतो. एका मैत्रिणीने त्यावरून मला तिचं ठिकाण पाठवलं आणि मी जिथे पोचलो ती जागा ती तासाभरापूर्वी सोडून गेली होती. तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. जुनी गोष्ट नवी म्हणून दाखवली होती ती ॲपने. त्या दिवसापासून वेळ न लिहिता लोकेशन दाखवणं मी सोडून दिलं.

मी एका जागी उभा असतानाही ठिपका उड्या मारतो. हा बग आहे का?

बहुधा नाही. उपग्रहाचा सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून फोन अंतर काढतो. वेळ मोजण्यात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून, लांबचा वळसा घेऊन येतो, आणि फोनला वाटतं उपग्रह आहे त्यापेक्षा दूर आहे. म्हणून ठिपका रस्त्याच्या या बाजूवरून त्या बाजूवर जातो.

यावर रचनेत बरंच काही करता येतं. आलेली प्रत्येक नोंद जशीच्या तशी नकाशावर मांडू नका. नव्या नोंदीची अचूकता आधीच्या नोंदीपेक्षा फारच वाईट असेल आणि दोन्हींत काही सेकंदांचंच अंतर असेल, तर नवी नोंद बाजूला ठेवा. चालणारा माणूस दोन सेकंदांत ९० मीटर सरकला असं दिसलं, तर ती नोंद टाकून द्या. फोनमधला हालचालीचा सेन्सर "स्थिर" सांगत असेल तर ठिपका जागेवरून हलवू नका. आणखी सफाई हवी असेल तर काल्मन फिल्टर आहे. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडलेली ही पद्धत नोंद आणि तिच्यावरचा भरवसा दोन्ही तोलून नवा अंदाज काढते.

सफाईचा अतिरेक मात्र टाळा. फार गुळगुळीत केलेला ठिपका माणसाच्या मागून फरफटत येतो. वळणावर माणूस डावीकडे गेलेला असतो आणि ठिपका सरळ चाललेला असतो. आणखी एक मोह म्हणजे ठिपका जवळच्या रस्त्याला चिकटवणं. गाडीसाठी हे ठीक आहे. मैदानातून, पायवाटेवरून जाणाऱ्याला मात्र ॲप ठासून खोटं सांगतं.

लोकेशनची परवानगी ॲप उघडताक्षणीच मागावी का?

माझा सल्ला: मागू नका. नुकत्याच भेटलेल्या ॲपला कोणी आपला ठावठिकाणा का द्यावा? आधी नकाशा दाखवा आणि त्यावर "माझी जागा दाखवा" असं बटण ठेवा. ते दाबल्यावर परवानगीची खिडकी उघडली, तर ती का उघडली हे समजावून सांगावंच लागत नाही. तरी एक ओळ लिहायची असेल तर काम सांगा, गुणगान नको. "तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी" या वाक्यातून काहीच कळत नाही. "नकाशावर तुमची जागा दाखवण्यासाठी. तुम्ही स्वतः पाठवल्याशिवाय ती फोनबाहेर जात नाही" या वाक्यातून सगळं कळतं. अर्थात ते खरं असेल तरच लिहा.

गेल्या काही वर्षांत वापरणाऱ्याच्या हातातले पर्याय वाढत गेले आहेत आणि तुमच्या रचनेने प्रत्येक पर्यायाचा मान राखला पाहिजे. आयफोनच्या आयओएस १३ मध्ये, २०१९ साली, "फक्त एकदा" हा पर्याय आला. पुढच्या वर्षी तो अँड्रॉइड ११ मध्ये आला. २०२० च्या आयओएस १४ मध्ये नेमकं लोकेशन बंद ठेवून फक्त ढोबळ देण्याची सोय झाली आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्येही ती आली. अँड्रॉइडवर ढोबळ म्हणजे साधारण ३ चौरस किलोमीटरचा पट्टा.

कोणी ढोबळ लोकेशन दिलं तर पुन्हा पुन्हा खिडकी उघडून त्याला भंडावू नका. मोठं वर्तुळ दाखवा आणि खाली शांतपणे लिहा, "परिसर दिसतो आहे. नेमकी जागा हवी असल्यास इथे दाबा." आणि कोणी साफ नकार दिला तरी ॲपने दार लावून घेऊ नये. नकाशावर बोट दाबून पिन लावता आली आणि तीच पिन पाठवता आली, तर नकार देणाऱ्याचंही काम होतं. ही वाट न ठेवलेली ॲप्स मला अर्धवट वाटतात.

ॲप बंद असतानाही लोकेशन मिळण्यासाठी "नेहमी" ही परवानगी घेऊ का?

साध्या ॲपला ती सहसा लागत नाही. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, मागे चालणाऱ्या ॲपला तासातून काही मोजक्याच वेळा लोकेशन मिळतं. अँड्रॉइड १० पासून त्यासाठी वेगळी परवानगी लागते. चालू प्रवास दाखवायचा असेल तर वापरणाऱ्याने स्वतः सुरू केलेली, नोटिफिकेशनमध्ये सतत दिसणारी आणि तिथूनच थांबवता येणारी सेवा ठेवा.

बॅटरी हा तर तांत्रिक प्रश्न. त्याचा रचनेशी काय संबंध?

अगदी जवळचा. लोकेशन किती वेळाने, किती नेमकं मागायचं हे ठरतं ते माणसाला त्या पडद्यावर काय हवंय त्यावरून. परिसर पुरेसा असेल तर उपग्रहांचा रिसीव्हर चालूच करायला नको. अँड्रॉइडवर मधल्या दर्जाची अचूकता मागितली की साधारण १०० मीटरपर्यंत जागा कळते आणि खर्च बराच कमी होतो. पडदा बंद झाला, दुसरं ॲप उघडलं की मागणी थांबवा. हे विसरणं हीच बॅटरी खाण्याची सगळ्यात नेहमीची चूक.

"तिथे पोचलो की कळव" अशी सोय द्यायची असेल तर सतत जागा तपासत बसू नका. एखाद्या जागेभोवती अदृश्य कुंपण आखून ठेवायचं आणि ते ओलांडलं की फोनने कळवायचं, ही व्यवस्था फोनच्या प्रणालीतच असते. एका ॲपला अँड्रॉइडवर अशी १०० कुंपणं आखता येतात, आयओएसवर २०. अँड्रॉइडचं मार्गदर्शन कुंपणाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवायला सांगतं. मग पडद्यावर २० मीटरचा पर्याय देऊच नका, पाळता येणार नाही असं वचन ते.

मुख्य पडद्यावर किती बटणं असावीत?

माझ्या मते दोन: "माझ्या जागेवर परत" आणि "पाठवा". शोध, थर, सेटिंग्ज हे सगळं एका आडोशाला जाऊ शकतं.

दोन्ही बटणं खाली, अंगठा पोचेल तिथे ठेवा. माणूस बऱ्याचदा चालत असतो, एका हातात पिशवी असते. ॲपलचं मार्गदर्शन किमान ४४ पॉइंटचं बटण सांगतं, गूगलचं ४८ डीपी, म्हणजे काचेवर साधारण ९ मिलिमीटर. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या, २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या मार्गदर्शक नियमांत २४ पिक्सेल ही किमान मर्यादा आहे, पण चालत्या माणसासाठी ती फार तोकडी आहे.

नकाशावरच्या बटणांना आणखी एक अडचण असते. त्यांच्याभोवतीचा सगळा पडदा बोटाला प्रतिसाद देत असतो, त्यामुळे नेम जरा चुकला की नकाशाच सरकतो. म्हणून बटणं कडेला चिकटवू नका आणि एकमेकांपासून अंतर ठेवा. वापरणाऱ्याने स्वतः नकाशा सरकवला असेल तर लोकेशन बदललं म्हणून तो त्याच्या हातातून हिसकावून मध्यभागी आणू नका. तो काहीतरी बघतोय. परत यायचं तेव्हा तो बटण दाबेल.

दिशेचा बाण उलटा दाखवतो, असं लोक म्हणतात. काय करू?

बाणाऐवजी पंखा काढा. फोनमधलं होकायंत्र चुंबकीय सेन्सरवर चालतं. गाडीचा पत्रा, चुंबक असलेलं कव्हर, स्पीकर, काहीही त्याला भुलवू शकतं. दिशेत किती चूक असू शकते याचा अंदाजही फोन देतो. तेवढ्या रुंदीचा पंखा ठिपक्याला लावा. चूक वाढली की पंखा पसरेल, आणि फारच वाढली की तो काढून टाका. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवायला सांगणारी सूचना तेव्हाच दाखवा, एरवी नाही. चालत्या गाडीत होकायंत्राकडे बघूच नका. लागोपाठच्या लोकेशनवरून निघणारी प्रवासाची दिशा जास्त भरवशाची असते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जागेनुसार फरक पडतो. नकाशा खऱ्या उत्तरेवर आखलेला असतो, म्हणून पंखाही तीच दिशा धरून काढा.

लोकेशन पाठवताना संदेशात काय काय असावं?

माझ्या मते ॲपचा प्राण इथे आहे, तरी बहुतेक जण एक लिंक चिकटवून मोकळे होतात.

ज्याला संदेश मिळतो त्याचा विचार करा. त्याच्याकडे तुमचं ॲप नसेल. नेटवर्क कमकुवत असेल. तो संदेश अर्ध्या तासाने वाचेल. म्हणून लिंकवर टिचकी न मारताही कळेल असा मजकूर हवा: जागेचं वर्णन, वेळ, अचूकता, अक्षांश-रेखांश आणि मग लिंक. वेळ घड्याळाची लिहा. पडद्यावर "४ मिनिटांपूर्वी" चांगलं वाटतं, कारण तो आकडा बदलत राहतो. संदेशात मात्र "आत्ता" हा शब्द पाठवल्याच्या पुढच्या मिनिटाला खोटा पडतो. "६:४० वाजता इथे होतो" हे कधीच खोटं पडत नाही.

पाठवणाऱ्याला एक ओळ स्वतः लिहायची जागा द्या. "मागच्या फाटकापाशी", "दुसऱ्या मजल्यावर", "झाडाखाली". उपग्रहाला जे कळत नाही ते या ओळीत येतं. मजला तर नकाशावर दिसतच नाही.

"जिओ" या नावाचा लिंकचा एक खुला प्रकार २०१० पासून प्रमाणित आहे. अँड्रॉइडवर अशी लिंक दाबली की फोनमधलं कोणतंही नकाशा ॲप उघडता येतं. पण प्रत्येक संदेश ॲप तिला दाबण्याजोगी लिंक मानत नाही, म्हणून सोबत साधी वेब लिंकही द्या. जिथे पत्ताच नाही अशा जागांसाठी प्लस कोड, म्हणजे जागा सांगणारे अक्षर-आकड्यांचे छोटे संकेत, कामाला येतात. दहा अक्षरांचा प्लस कोड विषुववृत्तावर साधारण १४ बाय १४ मीटरचा चौकोन सांगतो आणि फोनवर बोलूनही सांगता येतो.

हलतं लोकेशन पाठवण्याची सोय असेल तर शेवटची वेळ आधी विचारा, १५ मिनिटं की एक तास. "बंद करेपर्यंत" हा पर्याय पहिला ठेवू नका. लोक बंद करायला विसरतात आणि आपला माग कोणीतरी बघत राहतं याची त्यांना कल्पनाही नसते. चालू असेपर्यंत ॲपच्या वरच्या कडेला ठळक पट्टी हवी: कोणाला दिसतंय आणि किती वेळ.

अक्षांश-रेखांशाऐवजी पत्ताच दाखवला तर?

दाखवा, पण "जवळ" हा शब्द जोडून. अक्षांश-रेखांशावरून पत्ता काढणारी सेवा तुम्हाला नोंदीतला जवळचा पत्ता देते, तुम्ही उभे आहात तो नव्हे. वर्तुळ ३०० मीटरचं असताना घर क्रमांकासकट पत्ता लिहिणं चुकीचंच. तेव्हा फक्त परिसराचं नाव लिहा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची नॉमिनॅटिम ही सार्वजनिक सेवा वापरत असाल तर पूर्ण ॲप मिळून सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती करायची मुभा आहे. ठिपका हलला की पत्ता मागवला, असं करून चालणार नाही.

आणि कोड लिहिताना क्रम सांभाळा. लोक अक्षांश आधी बोलतात, नकाशाची माहिती साठवायच्या जिओजेसन या प्रकारात रेखांश आधी लिहितात. ठिपका समुद्रात पडला तर आधी हेच तपासा.

कुठे कुठे गेलो याचा इतिहास साठवला तर लोकांना आवडेल ना?

काहींना आवडेल. पण साठवण्याआधी दोन गोष्टी माहीत असू द्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी तपासल्या होत्या. वेळ आणि जागा यांचे फक्त चार बिंदू हाती असले तर त्यातल्या ९५ टक्के लोकांचा माग इतरांपासून वेगळा ओळखता येत होता. नाव, नंबर काहीही नसताना. दुसरी गोष्ट स्ट्राव्हा या व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशाची. व्यायाम करणाऱ्यांचे मार्ग एकत्र करून बनवलेला तो नकाशा निनावी होता. तरी जानेवारी २०१८ मध्ये त्यावर सैनिकी तळांच्या आतल्या वाटा उजळलेल्या लोकांच्या लक्षात आल्या.

म्हणजे "आम्ही नाव साठवत नाही" हे उत्तर पुरत नाही. रात्री फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे असतो, एवढ्यावरून माणूस सापडतो. इतिहास आपोआप सुरू ठेवू नका. कोणाला हवा असेल तर तो फोनमध्येच राहू द्या, ३० दिवसांनी आपोआप पुसला जाऊ द्या, आणि "सगळं पुसा" हे बटण सेटिंग्जच्या पाचव्या पानावर नको, इतिहासाच्या पडद्यावरच हवं.

इंटरनेट नसेल तर ॲपने काय करावं?

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाच्या चित्राला लागतं. हा फरक बऱ्याच वापरणाऱ्यांना माहीत नसतो आणि "नेटवर्क नाही" अशी पाटी लावून ॲपही तो लपवतं. नकाशा आला नाही तरी रिकाम्या जाळीवर ठिपका, अक्षांश-रेखांश आणि साठवलेल्या पिनपर्यंतचं सरळ अंतर आणि दिशा दाखवता येते. जंगलवाटेवर एवढ्यानेही माणूस परत येतो.

नकाशा आधी उतरवून ठेवण्याची सोय द्यायची असेल तर हिशोब आधी करा. नकाशाचं चित्र चौकोनी तुकड्यांनी बनतं, आणि झूमची पातळी एकाने वाढली की ते तुकडे चौपट होतात. चित्रांऐवजी व्हेक्टर नकाशा, म्हणजे रेषा-आकारांच्या माहितीवरून फोनवरच रेखाटला जाणारा, घेतला तर जागा खूप वाचते. ओपनस्ट्रीटमॅपच्या सार्वजनिक सर्व्हरवरून घाऊक तुकडे उतरवायला मनाई आहे, त्यासाठी वेगळी सेवा घ्यावी लागते. आणि नकाशा त्यांचा असेल तर श्रेय पडद्यावर दिसलंच पाहिजे. २००४ पासून असंख्य लोकांनी हाताने भरलेला नकाशा आहे तो.

रंगांबद्दल काही?

थोडंच. मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५ ला १ असा फरक ठेवा, चिन्हांसाठी ३ ला १. भर उन्हात तपासा. लाल आणि हिरव्या रंगांतच अर्थ ठेवू नका, आकारही बदला. रात्रीसाठी गडद नकाशा द्या.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी नकाशाचा काय उपयोग?

चित्राचा नाही, माहितीचा आहे. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर ही पडदा वाचून दाखवणारी सोय चालू असताना नकाशा मुका असतो. म्हणून ठिपका जे सांगतो ते एका वाक्यातही असलं पाहिजे: "तुम्ही अमुक रस्त्याजवळ आहात, सुमारे २० मीटरच्या आत, १ मिनिटापूर्वी." हे वाक्य सगळ्यांनाच दाखवा. मी ते नकाशाखाली कायम ठेवल्यापासून डोळस लोकही आधी तेच वाचताना दिसतात.

ॲप मराठीत करताना काय सांभाळू?

"स्थान" की "लोकेशन" यावर वाद घालत बसू नका, लोक "लोकेशन पाठव" म्हणतात, तेच लिहा. वेलांटी आणि उकारांसाठी ओळींत जास्त जागा सोडा, नाहीतर मात्रा कापल्या जातात. वाचायचे आकडे देवनागरीत शोभतात, पण कॉपी करायच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे आंतरराष्ट्रीय ठेवा, कारण दुसऱ्या ॲपला देवनागरी आकडे समजतीलच असं नाही.

सुधारणा झाली की नाही, हे कसं तपासू?

टेबलावर बसून नाही. सिम्युलेटरमधलं, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनमधलं, लोकेशन नेहमीच नेमकं असतं, तिथे तुमची सगळी रचना छान दिसते. फोन घेऊन बाहेर पडा. मोकळं मैदान, उंच इमारतींची अरुंद गल्ली, तळघर, धावती बस आणि इंटरनेट बंद केलेला फोन, एवढ्या पाच परिस्थितींत ॲप उघडा. प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावून बघा की पहिली खरी माहिती किती सेकंदांत दिसली, आणि तुम्ही प्रत्यक्ष उभे होतात ती जागा वर्तुळात होती का. एक फोन स्वस्तातला, काही वर्षं जुना घ्या.

मग दोन माणसं घ्या, ज्यांनी हे ॲप कधी पाहिलेलं नाही. एकाला कुठेतरी जाऊन लोकेशन पाठवायला सांगा, दुसऱ्याला फोन न करता फक्त त्या संदेशावरून तिथे पोचायला सांगा. तुम्ही दुसऱ्याच्या मागे चाला, मदत करू नका. तो जिथे थबकतो, फोन आडवा-उभा करून बघतो, मागे वळतो, ती प्रत्येक जागा लिहून ठेवा. नील्सन यांच्या म्हणण्याप्रमाणे पाच जणांत बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. अशा पाच जोड्या झाल्या की थबकण्याच्या जागांची यादी घेऊन बसा, आणि ज्या जागी सगळ्यात जास्त लोक थबकले तो पडदा आधी हाती घ्या.